वाचकांचे प्रश्न : दूरदेशी एकट्याने फिरणाऱ्याला धीर कसा द्यावा?

प्रश्न : माझी मुलगी २९ वर्षांची आहे. पुण्यातील नोकरी सोडून, स्वतः साठवलेल्या पैशांवर, ती गेले काही महिने दक्षिण अमेरिकेत एकटी फिरत आहे. सध्या ती पेरूमध्ये असून तेथून चिलीला जाण्याचा तिचा विचार आहे. आम्ही तिला मनापासून जाऊ दिले, पण निरोप देताना होता तो धीर आता राहिलेला नाही. रात्रीची जेवणे आटोपली की मी फोन लावते, तो बहुधा लागत नाही आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. लागलाच तर काय खाल्लेस, कुठे उतरलीस, सोबत कोण आहे, एवढेच माझ्याकडून विचारले जाते आणि ती ‘आई, नंतर बोलू’ म्हणते. तिचे बाबा फोनवर येत नाहीत. मात्र तिच्या प्रत्येक फोटोखाली ‘केस का कापलेस’, ‘शेजारी कोण आहे’ असे काहीतरी लिहितात. नातेवाइकांना आम्ही ‘कंपनीने पाठवले आहे’ असे सांगून ठेवले आहे. तिला उमेद वाटेल असे आम्ही काय बोलावे? — एक आई, कराड

उत्तर : काय बोलावे याच्याआधी केव्हा बोलावे हे ठरवू या, कारण तुमची निम्मी काळजी घड्याळाने निर्माण केलेली दिसते. पेरूचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. तुम्ही रात्री साडेनऊला फोन लावता तेव्हा तिथे सकाळचे अकरा वाजलेले असतात; ती रस्त्यावर असते, एखादे जुने मंदिर पाहत असते किंवा डोंगरातल्या बसमध्ये असते. लिमा ते कुस्को हा बसचा प्रवास वीस तासांहून अधिक आहे आणि अँडीजच्या घाटांत फोनला रेंज मिळेलच असे नाही. याउलट तुम्ही सकाळी सातला चहा घेत असता तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्या वेळी ती मुक्कामी परतलेली असते, वायफाय असते आणि बोलायला कोणीतरी हवेही असते. आठवड्यातून एक-दोन सकाळी सविस्तर बोलायचे आणि एरवी गाव बदलले की तिने फक्त ‘पोहोचले’ एवढा निरोप टाकायचा, असे दोघींनी ठरवून घ्या. निरोप किती तास आला नाही तर काळजी करायची आणि तेव्हा सर्वांत आधी कोणत्या मुक्कामाच्या ठिकाणी विचारायचे, हेही आत्ताच बोलून ठेवा. ही मर्यादा तिनेच ठरवावी. तिथले रस्ते तिला ठाऊक आहेत.

आता प्रश्नांविषयी. तुम्ही विचारता ते प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांची उत्तरे एका शब्दात संपतात आणि ऐकणाऱ्याला हजेरी दिल्यासारखे वाटते. त्यांच्याऐवजी ती आहे त्या गावाची थोडी माहिती करून घेऊन बोला. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही वर. तिथे नवख्या माणसाचे पहिले एक-दोन दिवस डोके दुखते, जिना चढतानाही दम लागतो. स्थानिक लोक या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात आणि त्यावर कोकाच्या पानांचा चहा देतात. ‘तब्येतीला जप’ असे मोघम म्हणण्यापेक्षा ‘कुस्कोला पोहोचल्यावर एक दिवस नुसती पडून राहिलीस ना?’ असे विचारले, तर काळजी तेवढीच पोहोचते, शिवाय आई आपला प्रवास नकाशावर बोट ठेवून पाहते आहे हेही तिला कळते. घरून मिळणारी उमेद बहुतेक वेळा अशीच, आडवळणाने पोहोचते.

जेवणाची चिंता मात्र खुशाल सोडून द्या. बटाटा त्याच डोंगरांतला. शेंगदाणा, मिरची आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद हेही मूळचे अमेरिका खंडातलेच. आपल्या एकादशीच्या ताटाचे माहेर तिकडे आहे आणि तुमची लेक तिथे पोहोचली आहे.

तिच्या बाबांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. पत्नीने शिकलेच पाहिजे हा हट्ट गोपाळरावांचा होता आणि तिने एकटीने पुढे जावे हा आग्रहही त्यांचाच होता. पण ती अमेरिकेत पोहोचल्यावर त्याच गोपाळरावांच्या पत्रांतून पोशाखाविषयी आणि वागण्याविषयी संशयाचे टोमणे जाऊ लागले आणि वैद्यकीचा अभ्यास सांभाळून आनंदीबाईंना त्यांचे खुलासे लिहीत बसावे लागले. पाठिंबा देणारा माणूस दुरून पहारेकरी कसा होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल. बाबांचे शब्द मायेपोटी येतात याविषयी मला शंका नाही. परंतु चार माणसांना दिसेल अशा जागी लिहिलेली माया फटकाऱ्यासारखी लागते. त्यांनी फोटोखाली लिहिणे थांबवावे आणि आठवड्यातून एकदा स्वतः फोनवर यावे. बोलायला काही सुचले नाही तर तिने पाठवलेला एखादा फोटो निवडून ‘हे कुठले, सांग’ एवढे म्हणावे. पुढचे ती बोलेल.

‘कंपनीने पाठवले आहे’ हे खोटे मात्र लवकर मोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते तुमच्यापेक्षा तिला अधिक महाग पडते, कारण कोणत्या चुलतभावाला काय सांगितले आहे हे तिला दहा हजार मैलांवरही लक्षात ठेवावे लागते. शिवाय तिचे जाणे तुम्हाला लपवण्यासारखे वाटते, असा त्याचा अर्थ ती लावत असणार. ‘लेक वर्षभर जग पाहायला गेली आहे, स्वतःच्या पैशांनी गेली आहे’ हे वाक्य एका लग्नाच्या पंगतीत एकदा मोठ्याने बोलून टाका. कोणी नाक मुरडेल, कोणी स्वतःच्या मुलीला हळूच तिचा नंबर मागायला सांगेल.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगायला हवी, सर्व काही सुरळीत असताना : ‘तुला वाटेल त्या दिवशी परत ये, चिली झाले नाही तरी चालेल, कोणी काही विचारणार नाही.’ ती आजारी किंवा रडवेली असताना हेच वाक्य उच्चारले तर ते आज्ञेसारखे ऐकू येते. ती आनंदात असताना उच्चारले तर तो आधार होतो. आणि ती खरोखरच लवकर परतली, तर ‘आम्ही म्हटलेच होते’ हे शब्द घरात कोणाच्याही तोंडून निघता कामा नयेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून एक वर्षापासून एकटाच फिरत आहे. सध्या जॉर्जियात, त्बिलिसी शहरात आहे. पोर्तुगालपर्यंत जमिनीवरून जायचे असे निघताना सर्वांना सांगितले होते. घरचे आणि मित्र भरभरून प्रोत्साहन देतात. ‘भावा, जगतोयस तू’, ‘आमच्या वाटचंही फिरून घे’ असे निरोप रोज येतात. खरे सांगायचे तर मी थकलो आहे. नवीन गाव पाहण्याची उत्सुकता उरलेली नाही, संध्याकाळी बोलायला कोणी नसते आणि हे कोणाला सांगायची सोय नाही, कारण सांगितले तर सगळ्यांचा हिरमोड होईल. — एक प्रवासी, मूळ डोंबिवली

उत्तर : तुमचे मित्र प्रवासाचे कौतुक करतात, प्रवाशाची चौकशी करत नाहीत. त्यांचा हेतू निर्मळ आहे, सकाळची ८.१२ची लोकल पकडणाऱ्या माणसाला तुमचा फोटो पाहून बरे वाटते, आणि ते बरे वाटणे तो कौतुकाच्या रूपाने परत करतो. पण ‘आमच्या वाटचंही फिरून घे’ म्हणताना आपण दुसऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत आपले सामान टाकतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. अखंड कौतुकानेही माणूस बांधला जातो, आणि या बंधनाविरुद्ध तक्रार करता येत नाही म्हणून ते अधिक जाचते.

एकट्याने केलेल्या प्रवासाविषयी आपल्या मनात एक भाबडी प्रतिमा असते : माणूस निघतो, कोणाची मदत घेत नाही, कुठे थांबत नाही. दिलीप दोंदे हे शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. या वाटेत ते ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन अशा चार बंदरांत थांबले. त्या थांब्यांत नौकेची डागडुजी झाली, शिधा भरला गेला आणि किनाऱ्यावरून मदत करणारी माणसे होती. त्यांतलेच एक, अभिलाष टॉमी, पुढे २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून एकही थांबा न घेता प्रदक्षिणा करून आले. म्हणून दोंदे यांची प्रदक्षिणा उणी ठरत नाही. समुद्रावर सुकाणू धरायला ते एकटेच होते, पण किनाऱ्यावर एकटे नव्हते.

तुम्हीही बंदर पाहून थांबा. व्हिसाची मुदत पाहून एकाच गावात, एकाच खोलीत काही आठवडे राहा; रोज त्याच दुकानातून पाव आणा म्हणजे दुकानदार तरी ओळखू लागेल. लांबच्या प्रवासातला थकवा बऱ्याचदा चालण्याचा नसतो. आज कुठे झोपायचे, काय खायचे, बस कुठून सुटते हे रोज नव्याने ठरवण्याचा असतो. तेवढ्याने उत्साह परतला तर पुढे जा, नाही परतला तर तिकीट काढा. पोर्तुगाल कुठे पळून जात नाही.

मित्रांच्या संपूर्ण गटाला काही सांगू नका. ज्याच्यासमोर तुम्ही पूर्वी नापास झाल्याचे किंवा नोकरी गेल्याचे बोलू शकला होतात, असा त्यातला एक निवडा आणि त्याला सरळ लिहा : ‘कौतुक नको, अर्धा तास बोल. मी कंटाळलो आहे.’ आणि ज्यांचे मित्र असे दूर गेले आहेत त्या वाचकांना विनंती आहे की ‘पुढे कुठे?’ विचारण्याआधी कधीतरी ‘कंटाळलास का?’ असेही विचारून पाहावे.

प्रश्न : माझी ताई पुढच्या महिन्यापासून दीर्घकाळ परदेशात एकटी फिरणार आहे. मला भावनिक बोलणे जमत नाही. मी इथून काय करू शकतो? — धाकटा भाऊ, नाशिक

उत्तर : बरेच काही, आणि ते भावनिक बोलण्यापेक्षा जास्त टिकाऊ आहे. तिचा भारतातला मोबाइल क्रमांक चालू ठेवणे हे पहिले काम, कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. सलग ९० दिवस वापर झाला नाही तर प्रीपेड क्रमांक बंद केला जाऊ शकतो, म्हणून रिचार्जच्या तारखा तू तुझ्या फोनमध्ये टाकून ठेव. सिम मात्र तिच्याकडेच असावे आणि त्यावरचे आंतरराष्ट्रीय रोमिंग तिने निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे. सिम घरी ठेवून भावाने ओटीपी वाचून दाखवायचा, ही अनेक घरांतली पद्धत धोक्याची आहे.

विम्याचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स आणि आयकर विवरणपत्राची तारीख या गोष्टी तू सांभाळ. प्रवास विमा किती दिवसांचा आहे ते पाहा. अनेक पॉलिसी एका प्रवासासाठी १८० दिवसांपर्यंतच असतात आणि वाढवायच्या तर मुदत संपण्यापूर्वीच हालचाल करावी लागते. पासपोर्ट, व्हिसा आणि पॉलिसीच्या प्रती तुझ्याजवळ असू देत. पासपोर्ट हरवला तर तिथल्या पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय दूतावासात जावे लागते. तिथे नवा पासपोर्ट मिळू शकतो किंवा फक्त भारतात परतण्यापुरता आपत्कालीन दाखला दिला जातो, आणि अशा वेळी जुन्या पासपोर्टची प्रत लगेच पाठवणारा माणूस लागतो. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ नावाचे संकेतस्थळ आहे. परदेशात अडकलेल्या व्यक्तीच्या वतीने घरचे लोकही तिथे तक्रार नोंदवू शकतात. ताई जाणार आहे त्या प्रत्येक देशातील दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक एका कागदावर लिहून आई-बाबांच्या फ्रिजवर लावून ठेव, म्हणजे तू कामावर असताना त्यांना तुझी वाट पाहावी लागणार नाही.