हप्ता मोठा झालाय. घर विकावं की राहणी बदलावी?

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी पुन्हा मांडते, म्हणजे इतरांनाही अंदाज येईल. ७० लाखांचं गृहकर्ज, २० वर्षांची मुदत, ८.५ टक्के व्याज, हप्ता ६०,७५० च्या आसपास. दोघांचे मिळून हातात १ लाख ३५ हजार. पुण्यात वाकडच्या पुढे टू बीएचके, मुलगी दुसरीत, सासूसासरे गावी. आणि प्रश्न असा, की घर झालं पण घरात सतत चिडचिड आहे, तर राहणीमान बदलायचं की फ्लॅट विकून पुन्हा भाड्यानं राहायचं?

बाहेरची कॉफी सोडा, ओटीटी बंद करा, पिझ्झा महिन्यातून एकदाच, असला सल्ला मी देणार नाही. हे सगळं धरून तीनचार हजार होतात. तेवढे वाचवायला घरातली उरलीसुरली मजाही घालवायची, तर घर घेतलं कशाला? अंथरूण पाहून पाय पसरावेत हेही आता सांगण्यात अर्थ नाही, ते टोकन देण्याआधी सांगायचं असतं.

आम्हीही पुनावळ्यात २०२१ मध्ये घर घेतलंय. तेव्हापासून आमच्याकडे आणि आजूबाजूच्या बिऱ्हाडांत जे बघतेय, त्यावरून माझं ठाम मत झालंय की माणूस हप्त्यानं जेवढा दमतो, त्याहून जास्त हप्त्याच्या मागोमाग आलेल्या राहणीनं दमतो. चिंचवडला भाड्याच्या वन बीएचकेत असताना आमच्याकडे पत्र्याचं कपाट होतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. नव्या घराची किल्ली मिळाली आणि मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, वॉर्डरोब हे सगळं जणू कायद्यानंच सक्तीचं झालं. त्यासाठी पर्सनल लोन. पार्किंग मिळालंय म्हणून गाडी, तिचं वेगळं कर्ज. कॉम्प्लेक्सच्या गेटवर ज्या शाळेची बस येते तीच शाळा. मग वाढदिवस क्लबहाऊसमध्ये, पंचवीस मुलं, प्रत्येकाला रिटर्न गिफ्ट. यातलं काहीही बँकेच्या सॅंक्शन लेटरमध्ये लिहिलेलं नसतं.

म्हणून एका रविवारी दोघांनी मिळून गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कार्डाची बिलं समोर घ्या. दोघांनी म्हणजे दोघांनीच. एकानं हिशोब करायचा आणि दुसऱ्यानं ऐकून घ्यायचं, याला भांडण म्हणतात. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा, की भाड्याच्या घरात असताना आपण हा खर्च करत होतो का? 'नाही' असं उत्तर आलेल्या ओळींवर लाल पेनानं खूण करा. आमच्याकडे या लाल ओळींची बेरीज हप्त्याच्या निम्म्यापर्यंत गेली होती. तुमची तेवढी नसेलही, पण दहा-पंधरा हजारांच्या खाली आली तर मला नवल वाटेल.

आम्ही गाडी विकली. नवऱ्याची स्कूटर, माझी कंपनीची बस, पावसात किंवा आजारपणात कॅब. आमच्या पार्किंगमध्ये आता शेजाऱ्यांच्या पाहुण्यांच्या गाड्या लागतात. 'सर्व्हिसिंगला दिलीय का?' हा प्रश्न सहाएक महिने ऐकला, मग विचारणारे थकले. शाळेचं पुढच्या वर्षी केलं: मुलाला चिंचवडच्या सेमी-इंग्रजी शाळेत घातलं. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, फी आधीच्या तुलनेत फारच कमी. सुरुवातीला त्याला जुने मित्र आठवायचे, पण आता कुरकुर नाही. शाळा बदला असं तुम्हाला मी सांगत नाही. तो निर्णय मुलीकडे बघून घ्यायचा, शेजाऱ्यांकडे बघून नाही. फक्त करायचाच असेल तर पाचवीच्या आत करा, पुढे मूल रुळणं अवघड जातं.

आता ज्या एका गोष्टीवर मला जरा जास्त लिहायचंय, ती. काटकसर करायची म्हटली की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड भांडीवाल्या मावशींवर पडते. दुसरी पोळ्यांच्या मावशींवर. दोन्ही मिळून पाचसहा हजार वाचले असं कागदावर दिसतं. पण भांडी तर पडतातच, पोळ्याही लागतातच. मग ते काम कोण करतं? बहुतेक घरांत बाई करते, तीही आठ-नऊ तासांची नोकरी आणि प्रवास करून. रात्री साडेदहाला ओटा पुसताना तिच्या तोंडून जे निघतं, त्याला सगळे 'घरातली चिडचिड' म्हणतात. तुमच्या प्रश्नात 'मावशी बंद केल्या' हे एक वाक्य ओझरतं येऊन गेलंय. माझ्या मते तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मावशींना परत बोलवा आणि ते पैसे लाल ओळींमधून काढा. मोकळा मिळालेला तासभर मुलीबरोबर किंवा नुसतं पडून घालवा. हप्ता कमी झाल्यासारखा वाटेल, खरंच.

बँकेकडे वळू. तुमचा दर अजून ८.५ का आहे, हे आधी विचारा. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात, त्यामुळे तुमचा दर उतरायला हवा होता. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर हा नियम लागू नाही, तिथे स्वतः पाठपुरावा करावा लागतो. बँकेत असाल तर रेपोवर किती टक्के वर लावलेत ते बघा. नव्या ग्राहकाला कमी लावत असतील तर थोडी फी भरून तुमचाही दर बदलून मिळू शकतो. नाही दिला तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायची तयारी दाखवा. तुमच्या कर्जावर अर्धा टक्का उतरला तर हप्त्यात महिन्याला साधारण २,२०० रुपये सुटतात. ओटीटीपेक्षा बरं.

दर उलटे चढतात तेव्हा काय होतं तेही पाहून ठेवा. आमचं कर्ज ६० लाखांचं, घेतलं तेव्हा ६.७ टक्के, हप्ता ४५,४०० च्या आसपास. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ वर गेला. बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत ताणली. त्या मार्चचं स्टेटमेंट काढलं तर ४५ हजारांतून मुद्दलात जमा झाले होते जेमतेम सहा-सातशे रुपये! बाकी सगळं व्याज. तेव्हा अर्ज देऊन हप्ता वाढवून घेतला, आणि गाडी विकायचा निर्णय त्याच आठवड्यातला. आता रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकामुळे दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, ही निवड बँकेनं तुम्हाला द्यायला हवी. दर उतरला आणि तुमचं भागत असेल, तर हप्ता तोच राहू द्या, मुदत आपोआप कमी होते. भागत नसेल तर खुशाल हप्ता कमी करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

प्रीपेमेंटचं, म्हणजे मुदतीआधी जादा पैसे भरून कर्ज फेडायचं, वेड मात्र एवढ्यात लावून घेऊ नका. वर्षाला एक जादा हप्ता भरला तर तुमचं २० वर्षांचं कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी फिटतं, आणि फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंडही लागत नाही. हे खरं. पण त्याआधी निदान सहा हप्ते आणि सहा महिन्यांचा किराणा-मेंटेनन्स एवढे पैसे बाजूला हवेत, आणि दोघांचाही कर्जाएवढा टर्म विमा. आयटीत नोकऱ्या कशा जातात हे वाकड-हिंजवडीच्या माणसाला मी काय सांगू? पर्सनल लोन असेल तर ते आधी संपवा, त्याचा दर गृहकर्जापेक्षा बराच जास्त असतो. आणि 'टॅक्स वाचतो, कर्ज राहू दे' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तुमचं पहिल्या वर्षाचं व्याजच सहा लाखांच्या जवळ जातं. राहत्या घराच्या व्याजावर वजावट आहे ती २ लाखांपर्यंत (दोघंही सहमालक आणि सहकर्जदार असाल तर प्रत्येकी), तीही जुन्या करप्रणालीत. नव्यात काहीच नाही.

सासूसासऱ्यांना यातलं किती सांगायचं, हा आणखी एक भाग. मी म्हणेन, सगळं सांगा. आमच्या सासूबाईंना हप्त्याचा आकडा कळला तेव्हा त्या दोन मिनिटं गप्प बसल्या. नंतर दिवाळीला सगळ्यांना नवे कपडे घ्यायचा आग्रह त्यांनीच सोडला, आणि बार्शीहून ज्वारी नि डाळ पाठवायला लागल्या. न सांगता आपण लग्नाकार्यात हात आखडता घेतला की 'पुण्याला गेले नि बदलले' एवढंच गावाला दिसतं.

राहिलं विकण्याचं. तुमचा हप्ता हातातल्या पगाराच्या ४५ टक्के आहे. ओढाताणीचा आहे, बुडवणारा नाही. दोन्ही नोकऱ्या बऱ्यापैकी स्थिर असतील तर मी विकणार नाही. एक नोकरी डळमळीत असेल, किंवा दुसरं मूल, आईवडिलांचं आजारपण अशा कारणानं एका पगारावर यायची शक्यता असेल, तर विकणं हा अजिबात वेडेपणा नाही. तुमच्या भागात तसाच फ्लॅट पंचवीस-तीस हजारांत भाड्यानं मिळतो, म्हणजे हप्त्याच्या निम्म्यात. फक्त हिशोब करताना भरलेली मुद्रांक शुल्काची रक्कम परत येणार नाही हे धरा, आणि जुन्या करप्रणालीत मुद्दलावर आयकराच्या ८०सी कलमाची वजावट घेतली असेल तर ज्या आर्थिक वर्षात ताबा मिळाला ते संपल्यापासून पाच वर्षांच्या आत विकल्यास ती वजावट पुन्हा उत्पन्नात धरली जाते. सीएला आधी विचारा, मग एजंटला फोन करा.