फुंकण्याची तपासणी : कधी करावी, कधी थांबावे?

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे असून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी ३० वर्षे ओतकाम (वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतण्याचे काम) केले. दोन वर्षांपासून त्यांना खोकला आहे व जिना चढताना दम लागतो. डॉक्टरांनी पीएफटी (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी) सांगितली आहे, परंतु चार दिवसांपूर्वीच त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. तपासणी लगेच करावी का? मला काही त्रास नाही. मीही करून घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वडिलांची तपासणी अवश्य करावी, मात्र या आठवड्यात नको. या तपासणीत छाती भरून श्वास घेऊन तो सगळा जोर लावून नळीत सोडायचा असतो, आणि असे किमान तीनदा, नीट न जमल्यास आठ वेळांपर्यंत करावे लागते. त्या जोराने डोळ्यांतील, छातीतील व पोटातील दाब वाढतो. म्हणून डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किमान एक आठवडा जाऊ द्यावा आणि नेत्रतज्ज्ञांची संमती घ्यावी. हृदयविकाराच्या झटक्यानंतरही किमान आठवडाभर, तर छाती, पोट किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चार आठवडे थांबतात.

एका गोष्टीची मला अधिक काळजी वाटते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर क्षयासाठी बेडका तपासायला हवा, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. क्षयाची शंका असताना फुंकण्याची तपासणी केल्यास इतरांना संसर्ग होऊ शकतो. बेडक्याची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. ती डोळा बरा होण्याची वाट न पाहता आताच करा. ओतकामातील वाळूच्या बारीक धुळीने फुप्फुसे कडक होतात व अशा व्यक्तींना क्षयाचा धोकाही अधिक असतो.

त्यानंतर मात्र पीएफटी टाळू नका. एक्स-रेमध्ये डाग दिसतात, पण श्वासनलिका किती अरुंद झाल्या आहेत हे फुंकल्यावरच कळते. शिवाय औषधाचा पंप देऊन सुमारे १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात, त्यावरून दमा आहे की सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) याचा अंदाज येतो. वडील पंप घेत असतील तर तो किती तास आधी थांबवायचा, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या पंपासाठी साधारण चार ते सहा तास पुरतात. तरीही मध्येच दम लागला तर पंप जरूर घ्यावा आणि तंत्रज्ञाला तसे सांगावे.

तुम्हाला खोकला किंवा दम नसेल, तुम्ही धूम्रपान करत नसाल आणि धुळीचे कामही नसेल, तर केवळ सोबत म्हणून ही तपासणी करण्याची गरज नाही. तुम्हीही ओतकामातच असाल, तर त्रास नसतानाही ती ठरावीक काळाने करून घ्या.