नट आवळला म्हणजे ब्रेक झाला का?

श्रावण लागला की माझ्या गॅरेजात जुन्या गाड्यांची रांग लागते. कुणाला तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला जायचं असतं, कुणाला गडावर. मागणी सगळ्यांची एकच: ‘‘जरा ब्रेक टाइट करून द्या.’’ टाइट करायला एक पाना आणि अर्धं मिनिट लागतं. ड्रमच्या, म्हणजे चाकाच्या मधोमध फिरणाऱ्या बंद डब्याच्या, आत काय चाललंय ते बघायचं तर चाक काढावं लागतं, आणि तेवढं थांबायला कुणी तयार नसतं. ड्रम ब्रेकची अडचणच ही आहे की झीज बाहेरून दिसत नाही. या वेळी वाचकांकडून आलेले बहुतेक प्रश्न त्याच जातीचे आहेत.

वडिलांची १९९९ ची स्प्लेंडर आहे. मागच्या ब्रेकचा नट आट्यांच्या टोकापर्यंत आला. गावातला मिस्त्री म्हणतो, दांडीत वॉशर टाकून अजून सहा महिने काढू. चालेल का? (निफाडहून एक शेतकरी)

नाही चालणार, दादा. आटे संपले म्हणजे आतले लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, संपत आले. वॉशर टाकून तुम्ही फक्त ती बातमी दाबून ठेवताय.

आत काय होतं ते सांगतो. तुम्ही पाय दाबला की दांडी कॅमचा लिव्हर ओढते. कॅम म्हणजे दोन बाजूंनी चपटी केलेली खुंटी. ती फिरली की दोन्ही ब्रेक शू, म्हणजे लायनर लावलेल्या कमानी, फाकतात आणि ड्रमला घासतात. लायनर नवे असताना कॅम जरासा फिरला तरी भागतं. लायनर झिजले की तोच कॅम जास्त जास्त फिरवावा लागतो. लिव्हर आणि दांडी यांच्यात ब्रेक दाबल्यावर साधारण काटकोन असेल तेव्हा जोर पुरा लागतो. कोन त्यापुढे गेला की पाय तेवढाच दाबला तरी शूवर जोर कमी पडतो. आणखी झीज झाली तर कॅम पार आडवा पडतो, मग शूच्या स्प्रिंगा त्याला परत आणू शकत नाहीत. पाय काढला तरी चाक जाम. मागे कांद्याच्या दोन गोण्या असताना हे झालं तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको.

आता गाडी मेन स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा. कॅमच्या लिव्हरपाशी छोटा बाण असतो आणि ब्रेक प्लेटवर, म्हणजे ड्रमच्या झाकणावर, एक खूण. दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला, तर शू बदलायची वेळ झाली. नट किती आत गेलाय याचा इथे काही संबंध नाही.

यातही लोक लबाडी करतात. आटे संपले की लिव्हर कॅमच्या दात्यांवरून काढायचा आणि एक-दोन दाते मागे सरकवून बसवायचा. लगेच नटला जागा मिळते, गिऱ्हाईक खूश. कॅमच्या टोकावर आणि लिव्हरवर एकेक ठिपका ठोकलेला असतो. ते दोन ठिपके समोरासमोर नसतील तर तुमच्या गाडीवर हा प्रयोग होऊन गेलाय. बाणाची चकती वेगळी असेल तर ती कॅमवर एकाच जागी बसते, त्यामुळे ती तरी खरं बोलते. दुसरी युक्ती म्हणजे शूच्या टोकाला पत्री लावणं. लायनर गेलेले, पण पत्रीच्या जाडीने शू पुन्हा फाकलेले. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, तिची पत्री निम्मी बाहेर सरकून ड्रमवर चकचकीत चर पाडत होती. मालकाची तक्रार मात्र एवढीच, की आवाज येतो.

चाक काढलंच आहे तर लायनरची जाडी सगळीकडे मोजा. अशा गाड्यांना २ मिमीच्या आसपास आली की मी बदलतो, आणि बदलताना स्प्रिंगाही नव्या घालतो. ड्रमच्या आत ‘मॅक्स डाया’, म्हणजे जास्तीत जास्त चालेल तो व्यास, असं ओतलेलं दिसेल. १३० मिमीच्या ड्रमला तो आकडा १३१ असतो. सगळी सूट फक्त एक मिलिमीटरची! त्यापुढे गेलेल्या ड्रममध्ये नवे शू घातले तरी ते मधोमध थोडेसेच टेकतात. कॅमला प्लेटच्या भोकात ढिलाई आहे का तेही हलवून बघा, आणि बसवताना त्याला ग्रीस बोटभर नको, नखभर लावा. जास्तीचं ग्रीस गरम होऊन लायनरवरच येतं.

जाता जाता एक. चेन टाइट केली की चाक मागे सरकतं आणि मागच्या ब्रेकचा प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी चाल, बदलतो. चेनचं काम झालं की पेडल पुन्हा बघायचं. साधारण २० ते ३० मिमी मोकळं असावं, पुढच्या लिव्हरला १० ते २०. आणि ब्रेक दिवा पेडल दाबताच लागतो ना, तेही.

बाबांची आरएक्स १०० अकरा वर्षं शेडमध्ये उभी आहे. इंजिन सुरू झालं. ब्रेकही दाबल्यावर लागतात. चालवू का? (सातपूरहून एक वाचक)

ताई, इंजिन सुरू झालं याचा आनंद मी समजू शकतो. पण ही गाडी १९८५ ते १९९६ या काळातली. तुमची सगळ्यात शेवटची असली तरी पंचवीस वर्षांच्या वरची. आणि ती पळते कशी, हे तुमच्या बाबांनी सांगितलंच असेल. आधी ब्रेक उघडा, मग रस्ता.

उभ्या गाडीचा धोका चालत्या गाडीपेक्षा वेगळा असतो. लायनर झिजलेले नसतात, छान जाड दिसतात. पण ते शूला चिकटवलेले असतात, आणि ओलाव्याने शूचं अ‍ॅल्युमिनियम पांढरं फुलून येतं. ते फुललं की लायनर कडेने सुटायला लागतो. शू हातात घेऊन लायनरच्या कडेला नख घाला, पांढरी भुकटी किंवा केसाएवढी फट दिसली की तो शू कचऱ्यात. चालत्या गाडीत लायनर सुटला तर तो ड्रम आणि शूच्या मध्ये पाचरीसारखा अडकतो. पुढच्या चाकात हे झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून इतकी वर्षं उभ्या गाडीचे शू मी बघतो, पण परत बसवत नाही. नवे घालतो. नवे म्हणजे आज बनलेले. दुकानाच्या माळ्यावर वीस वर्षं पडलेला ‘ओरिजनल माल’ हौसेने घेऊ नका, त्यालाही हेच झालेलं असतं.

ड्रमच्या आतला गंज पॉलिश पेपरने गेला तर ठीक. खड्डे उरले तर लेथवर घ्यावा लागेल, मापात राहत असेल तर. केबल मात्र न बघताच बदला. तिची तार नेहमी लिव्हरच्या आत, टोकाच्या गोळीपाशी (निपलपाशी) तुटायला लागते आणि रबराखाली झाकलेली राहते.

एक विनंती. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आम्ही लोकांनी कित्येक वर्षं तोंडासमोर हवा मारली. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

नवे शू बसले की पहिले शंभर-दोनशे किलोमीटर त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. अंतर ठेवून चालवा. आणि पेठ रोडच्या आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, तेही बघून घ्या.

सप्तशृंग गडावरून उतरताना अर्ध्या घाटात ब्रेक मऊ पडला. लिव्हर हँडलला टेकत होता. वासही येत होता. नांदुरीला थांबलो, चहा घेतला, आणि ब्रेक पुन्हा ठीक! नेमकं काय झालं? (पंचवटीहून, मी, बायको आणि मुलगा)

तापला. घर्षणाने ड्रम गरम झाला, गरम होऊन फुगला आणि शूपासून लांब गेला, म्हणून लिव्हर जास्त आत यायला लागला. शिवाय लायनरमधला चिकट भाग जळून त्याची पकड गेली, वास त्याचा. गार झाल्यावर ड्रम मूळ मापावर आला. लायनर मात्र एकदा असे भाजले की वरून काचेसारखे गुळगुळीत होतात. चाक काढा. नुसती चमक असेल तर पॉलिश पेपर फिरवून भागेल, चिरा किंवा जळकट काळेपणा असेल तर बदला.

तीन माणसं बसवली होती हे मी वाचलं. त्यावर बायको बोलली असेलच.

घाट ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे कसाऱ्याला रोज दिसतात. त्यांचं सगळं वजन दोन छोट्या ड्रमांवर येतं. ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका. दोन्ही ब्रेक एकदम, थोडा वेळ, जोरात लावून वेग उतरवा आणि सोडा. मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. तापल्या ड्रमवर बाटलीतलं पाणी ओतू नका, तो वाकडा होतो किंवा तडकतो. तुम्ही चहा घेतलात ते बरोबर केलंत.

पावसात सकाळी पहिला ब्रेक एकदम चावतो, नंतर ठीक होतो. (इगतपुरी)

रात्रीत ड्रमवर गंजाचा पातळ थर येतो. घरापासून हळू निघा, दोन-चार वेळा हलके ब्रेक दाबा, निघून जाईल. ओढ्यातून गाडी काढल्यावर उलट होतं, ब्रेक लागतच नाही. तिथेही ब्रेक हलका धरून शंभर पावलं चालवा, शू वाळतात. दिवसभर चावतच राहिला तर मात्र कॅम अडकतोय किंवा स्प्रिंग मेलीय. गाडी फिरवून आणल्यावर दोन्ही हबवर, म्हणजे चाकांच्या मधल्या भागावर, पाण्याचे थेंब शिंपडा. एकावर चुर्र झालं तर तो ब्रेक घासत चाललाय.

जुनी बुलेट आहे, पुढे दोन कॅमचा सात इंची ड्रम. नवीन स्पोक टाकून रिमचा आऊट (वाकडेपणा) काढला, तेव्हापासून ब्रेक दाबला की लिव्हर हाताला ठोके देतो. शिवाय चढावर गाडी मागे यायला लागली की पुढचा ब्रेक धरतच नाही. (देवळाली कॅम्प)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे: तो दोष नाही. या ब्रेकचे दोन्ही शू पुढे जाताना ड्रमच्या फिरण्याने आणखी आत ओढले जातात, म्हणून पुढे जाताना पकड जबरदस्त. गाडी मागे सरकली की तेच फिरणं दोन्ही शूंना ढकलून देतं. चढावर पायाचा ब्रेक वापरा.

ठोक्यांचं कारण स्पोक. स्पोक हबलाच ओढून धरतात. ताण सारखा नसेल तर रिम सरळ दिसते आणि ड्रम मात्र अंड्यासारखा होतो, अगदी थोडासा, पण हाताला कळतो. ज्याने स्पोक टाकले त्याच्याकडून ताण सारखा करून घ्या. तरीही राहिलं तर चाक स्पोकांसकट लेथवर चढवणारा माणूस शोधा, अंबडला मिळेल. नुसता हब काढून कापला आणि पुन्हा स्पोक घातले तर परत तेच होणार.

दोन कॅमना जोडणारी दांडी आहे, तिची लांबी अशी हवी की दोन्ही शू एकाच वेळी टेकतील. हे बरेच जण बघतच नाहीत आणि अर्ध्या ब्रेकवर बुलेट चालवतात. चाक बसवताना अ‍ॅक्सलचा नट पूर्ण आवळण्याआधी ब्रेक दाबून धरा आणि दाबलेल्या अवस्थेतच आवळा. प्लेट आपोआप मधोमध बसते.

ड्रम काढून डिस्क टाकली तर? (कॉलेज रोड)

डिस्कला वेगळा फोर्क, वेगळं चाक, वेगळा लिव्हर लागतो. इकडून तिकडून गोळा केलेली डिस्क मी बसवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांच्या आड येतं. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल. चांगल्या शूंचा, गोल ड्रमचा ब्रेक शहराच्या वेगाला पुरतो.

हायवेला पुढचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने बसवून दिलं. तेव्हापासून ब्रेक लावला की पुढे खट्ट आवाज होतो आणि केबल हलते. (ओझर)

या वाचकाला उत्तर छापेपर्यंत थांबवलं नाही, फोनवर सांगितलं: गाडी चालवू नका. पुढच्या ब्रेक प्लेटला एक खाच असते, ती फोर्कवरच्या उंचवट्यात बसावी लागते. ब्रेक लावल्यावर प्लेटला चाकाबरोबर फिरण्यापासून तेवढीच एक गोष्ट अडवते. खाच बसली नसेल तर प्लेट फिरते, केबल आणि मीटरची केबल तिच्याभोवती गुंडाळली जाते आणि चाक अडकतं. मागच्या चाकाला हेच काम टॉर्क आर्म, म्हणजे प्लेटला धरून ठेवणारी पट्टी, करतो. त्याचा बोल्ट, नट आणि स्प्लिट पिन दर पंक्चरनंतर बघायची. पिनेच्या जागी तार गुंडाळलेली मी वर्षातून दोन-तीनदा तरी पाहतो.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. बोटाने चाचपून पाहिलं होतं. खाच उंचवट्याच्या बाजूला, अंगठ्याएवढी लांब बसली होती. तशीच गाडी चार दिवस नाशिकला येऊन जाऊन होती.