अणू, रेणू आणि चमकातले धान्य

प्रश्न असा आला आहे: इंदूरहून पुण्यात आलेल्या एका मुलीने उत्तरपत्रिकेत ‘पाण्याचा अणू’ असे लिहिले आणि ते चूक ठरवले गेले. तिच्या आधीच्या हिंदी पुस्तकात मात्र ‘जल का अणु’ असेच होते. मराठीत अणू म्हणजे नेमके काय, आणि तो ऱ्हस्व लिहावा की दीर्घ, असे तिच्या वडिलांनी विचारले आहे.

मराठीत पाण्याचा रेणू असतो. हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू जोडले गेले की पाण्याचा एक रेणू होतो. हिंदी, गुजराती आणि बंगाली या भाषांत पहिल्याला परमाणु व दुसऱ्याला अणु म्हणतात. त्यामुळे मुलीचे विज्ञान बरोबरच होते, नर्मदा ओलांडल्यावर हा शब्द एक पायरी खाली उतरतो एवढे तिला कोणी सांगितले नव्हते. मला राग येतो तो बातम्या देणाऱ्यांचा. एकाच बातमीपत्रात ‘परमाणू करार’ आणि ‘अणुभट्टी’ हे दोन्ही शब्द येतात, आणि ऐकणाऱ्याला त्या दोन निराळ्या गोष्टी वाटू लागतात. ट्रॉम्बे येथील संस्था मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे आणि हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र; ज्या भाषेत बोलत असू त्या भाषेतले नाव घ्यावे, इतकी साधी ही गोष्ट आहे.

याहून मोठा गैरसमज म्हणजे ‘अणू म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत तो’ ही व्याख्या, आणि ती लिहिणारे साधेसुधे लोक नसून विज्ञानावर लेखन करणारे जाणकार आहेत, याचे मला वाईट वाटते. ‘न कापता येणारा’ हा अर्थ ग्रीक ‘अ‍ॅटमॉस’चा आहे. आपल्या ‘अणु’ शब्दात कापण्याचा उल्लेखही नाही. तो मुळात विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘बारीक’. ऋग्वेदात ‘अण्वीभिः’ असे रूप येते आणि तेथे ते सोमरस गाळणाऱ्या नाजूक बोटांसाठी आहे. कठोपनिषदात ‘अणोरणीयान्’ म्हणजे बारकाहून बारीक असे म्हटले आहे, आणि तेच पद तुकोबांच्या ‘अणुरणीया थोकडा’मध्ये मराठी झाले आहे. अणू हा शेवटचा, अविभाज्य तुकडा असता, तर त्याहून बारीक काही असण्याची भाषाच करता आली नसती. १८९७ मध्ये टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. पुढे रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या वर्खावर सोडलेल्या आल्फा कणांपैकी बहुतेक आरपार गेले, पण थोडे उलट फिरले, आणि त्यावरून १९११ मध्ये त्यांनी अणूच्या पोटात केंद्रक आहे असे मांडले. तेव्हा खोटा पडला तो ग्रीक शब्द. कणादाच्या वैशेषिक दर्शनात सांगितलेला परमाणूही निरवयव, म्हणजे भाग नसलेला असल्यामुळे, त्याच्यावरही तीच वेळ आली. मराठीने साधा ‘अणू’ निवडला आणि तिचा शब्द शाबूत राहिला.

पण या शब्दाची खरी मौज वेगळीच आहे. रुद्रपठणानंतर म्हटल्या जाणाऱ्या चमकाच्या चौथ्या अनुवाकात यजमान धान्ये मागतो: भात, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर, आणि शेवटाकडे ‘प्रियङ्गवश्च मेऽणवश्च मे श्यामाकाश्च मे’ असे येते. प्रियंगू म्हणजे राळा, श्यामाक म्हणजे आपला सावा, आणि या दोघांच्या मध्ये बसलेला अणू हेही एक बारीक भरडधान्यच आहे. पाणिनीने तर ज्या शेतात अणू पिकतो त्या शेतासाठी ‘अणव्य’ आणि ‘आणवीन’ अशी दोन रूपे सिद्ध केली आहेत. अणूंचे शेत! हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

आणि ‘कण’ तरी कोठला? कणी, कण्या, कणीक, कणीस हे सारे त्याच घरातले शब्द आहेत. माझी आजी भरडलेली ज्वारी चाळणीतून काढायची, तेव्हा पीठ खाली परातीत पडे आणि वर राहिलेल्या कण्या ती दोन बोटांत चोळून पाहत असे; ‘कण’ या शब्दाचा अर्थ मला त्या बोटांनी शिकवला. कणाद या नावाचा सरळ अर्थही ‘कण खाणारा’ असा आहे, आणि शेतात सांडलेले दाणे वेचून तो राहत असे ही परंपरागत कथा त्याला धरूनच आहे. त्या नावात अणुशास्त्र शोधणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही. तिळभर, जवभर, राईएवढे, गुंजभर असे म्हणणाऱ्या लोकांनी सूक्ष्मतेची मापे खळ्यावरून आणि रानातूनच उचलली होती, आणि अणूही तेथूनच दर्शनशास्त्रात गेला असावा असे माझे ठाम मत आहे. विशेषण आधीचे आणि धान्य नंतरचे, असे कोशकार म्हणतील. ते मला मान्य आहे. पण कल्पनेला हाताशी धरता येईल असे रूप दिले ते धान्यानेच.

रेणूबद्दलही माझे असेच एक मत आहे. रेणू म्हणजे धूळ, परागही. मनुस्मृतीत झरोक्यातून आलेल्या उन्हात जो बारीक रज दिसतो त्याला त्रसरेणू म्हटले आहे. असे आठ त्रसरेणू म्हणजे एक लिक्षा, अर्थात आपली लीख, आणि तेथून मोहरी, जव अशी मापे चढत जातात. वैशेषिक मतानुसार दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू, म्हणजे एका त्रसरेणूत सहा परमाणू. अनेकांचा मिळून झालेला तो रेणू, हा अर्थ तेथे आयता तयार आहे, आणि मराठी परिभाषेने तो तेथूनच घेतला असे मी मानतो. ‘त्रस्’ म्हणजे थरथरणे. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात सतत थरथरताना पाहिले ते परागरेणूंच्या आतले अतिसूक्ष्म कण होते (स्वतः परागरेणू नव्हेत, ही चूकही पुष्कळ पुस्तकांत आहे). आणि पाण्याचे रेणू त्यांना सर्व बाजूंनी धडका देत असतात, हे त्याचे कारण आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये गणिताने दाखवले. रेणूंमुळे थरथरणारे ते रेणूतले कण, असे ज्या भाषेत सहज म्हणता येते, तिला परक्या पायरीची गरज का पडावी?

ऱ्हस्वदीर्घाचे मात्र राहूनच जात होते. मराठीत सुटा शब्द दीर्घ लिहावा: अणू, रेणू. समासाच्या पूर्वपदी तो ऱ्हस्व होतो: अणुऊर्जा, अणुभट्टी, रेणुसूत्र. विभक्तीत पुन्हा दीर्घ: अणूचा, रेणूंचे. ‘अण्वस्त्र’मध्ये संधी झाल्यामुळे उकाराचा व होतो. आणि मुलीला एवढे अवश्य सांगा की ‘मिठाचा रेणू’ असेही लिहू नये. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइड यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, ओळीने रचलेले असतात, आणि त्यात सुटा रेणू कोठेच नसतो.