इस्लाममधले बालवयाचे टप्पे आणि आजचं मानसशास्त्र यांचा मेळ बसतो का?

बसतो, बऱ्याच अंशी. दोन वर्षं दूध पाजण्याचं कुराणातच आहे. सातच्या आसपास तमीझ, म्हणजे बरंवाईट उमगायला लागण्याचं वय. मग बुलूग, म्हणजे वयात येणं, आणि तोवर मुलाच्या नावावर गुनाह लिहिला जात नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेही म्हणतो की सातच्या सुमारास मुलाचा विचार तर्काला धरून चालू लागतो. मला लिहायचंय ते सातच्या आतल्या मुलांबद्दल, कारण तिथंच आपण माती खातो.

माझा मुलगा पाच वर्षांचा होता. मक्तबमधून, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या शाळेतून, आला आणि चहाचा कप दोन्ही मनगटांत धरून प्यायला लागला. तळवे सुजलेले. विचारलं तर म्हणाला, "पडलो." बे, ते, से ही अक्षरं सारखीच दिसतात, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा: खाली एक, वर दोन, वर तीन. त्यात तो गडबडला म्हणून उस्तादांनी छडी मारली होती. पुढे दोन महिने रोज रात्री अंथरुणात शू.

मोठे दीर म्हणाले, "मारल्याशिवाय शिकत नाहीत. हदीसच आहे." हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, मलाही पाठ आहे. सातव्या वर्षी नमाज पढायला सांगा, दहाव्या वर्षी पढला नाही तर मारा. म्हणजे मधली तीन वर्षं नुसतं सांगायचं! आणि तेही नमाजाबद्दल, नुक्त्यांबद्दल नव्हे. इस्लामी विद्वान गझाली (मृत्यू ११११) लिहून गेलेत की मक्तब सुटल्यावर मुलाला खेळू द्या, खेळ तोडून सारखं शिकवत बसलात तर त्याचं मन मरतं. इतिहासकार इब्न खल्दूननी १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' या ग्रंथात लिहिलं की जाचानं शिकवलेलं मूल खोटं बोलायला शिकतं. माझ्या मुलाचं "पडलो" म्हणजे तेच. हे कळायला मानसशास्त्राकडे जायचीही गरज नव्हती.

हां, तमीझ आणि पियाजेचा टप्पा एकच असं मात्र समजू नका. मुलाचा शब्द आणि व्यवहार कधीपासून धरायचा हा फकीहांचा, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांचा, प्रश्न होता. पियाजे मूल विचार कसा करतं ते बघत होता. आणि सगळे उस्ताद तसे नसतात. माझ्या धाकटीला आपांनी (शिकवणाऱ्या बाईंनी) चिंचोके मांडून नुक्ते शिकवले, आठवड्यात आले.

तुमचं मूल लहान असेल तर मक्तबला जरूर घाला, पण पहिले आठ दिवस दारापाशी बसा. चार वर्षं, चार महिने, चार दिवसांनी बिस्मिल्ला (शिक्षण सुरू करण्याचा विधी) केली की लगेच पाठवलंच पाहिजे असं कुराण-हदीसमध्ये कुठंही नाही, ती आपली रीत आहे. मोठ्या दिरांचा नातू यंदा त्या वयाचा होतोय. त्यांनी हे वाचावं.