सायकलवर धाडू का?

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. घर विश्रामबागला, शाळा दोन किलोमीटरवर. ती सायकल मागतेय, सासूबाई म्हणतात रिक्षाच बरी. काय करावं? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, मी सांगलीवाडीचा. १९७४ साली पाचवीत होतो, आयर्विन पुलावरून चालत शाळेला यायचो. पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात कृष्णा फुगली की कठड्याला छाती टेकवून पाणी बघत बसायचो आणि उशीर झाला म्हणून हातावर पट्टी खायचो. सातवीत वडिलांची चोवीस इंची काळी सायकल मिळाली. सीटवरून पाय पोचेनात, मग नळीखालून पाय घालून हाफ पायडल. उजव्या पोटरीवर चेनच्या तेलाचा काळा पट्टा कायमचा. आई राखेनं घासायची, तरी जायचा नाही.

आता नातू रिक्षातून जातो. आठ पोरं, दप्तरं बाहेर लटकलेली. याला सुरक्षित म्हणायचं? आणि शाळेच्या दारात सगळी गर्दी कुणाची, तर पोरांना सोडायला आलेल्या गाड्यांची!

शिक्षण हक्काच्या नियमांतही सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा धरलीय. दोन किलोमीटर म्हणजे सायकलनं दहा-बारा मिनिटं. पण एकदम सोडू नका. दोन-तीन रविवार तिच्यामागून तुम्हीही सायकल चालवा. मिरज रस्ता टाळून गल्लीबोळातली वाट ठरवा. उजवीकडं वळताना मागं बघून हात दाखवते का, ते पाहा. ब्रेकची रबरं बदलून घ्या.

सासूबाई स्वतः शाळेला कशा जायच्या, तेही विचाराच.