वाचकांचे प्रश्न : चढावर गाडी मागे सरकते

प्रश्न : बावन्नाव्या वर्षी एकाच दिवशी मी पहिल्यांदा संगणकावर परीक्षा दिली, शिकाऊ परवाना मिळवला आणि सायंकाळी चक्क गाडी चालवली, मात्र चढावर ती बंद पडून मागे सरकताच हातपाय गळाले. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एका दिवसाला हे पुष्कळच झाले! चढावर प्रथम हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा आणि इंजिनाचा आवाज जडावून बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटले, की थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन मगच हँडब्रेक खाली करावा. शिकाऊ परवाना ६ महिने वैध असतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते, त्यामुळे घाई नको. तोवर पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी आणि शेजारी परवानाधारक शिकवणारा हवाच, पतिराजांपेक्षा प्रशिक्षक बरा, असे आमचे मत आहे.